तिसरी रेघ

पिल्झेनच्या ब्रुअरीत सगळ्यांनी आधी फोटो काढले
तांब्याच्या त्या घुमटांचे.
मी विचारलं, पाणी कुठलं वापरता?

एकतीस वर्षं पर्वती जलकेंद्रात काढलेला माणूस
दुसरं काय विचारणार.
तुरटी किती, क्लोरीन किती, गढूळपणा किती,
पहाटेच्या पाळीला परीक्षानळी दिव्यासमोर धरून
मी या शहराचा घसा तपासलाय.

यित्का नावाची गाईड पोरगी हसली.
हे पहिल्यांदाच कोणी विचारतंय, म्हणाली.
मग प्रत्येकाच्या हातावर बार्लीचे चार दाणे, चावा;
मग हॉप्सच्या हिरव्या गोळ्या, तळहातावर चोळा.
उंब्राजकर काकूंनी वास घेतला, म्हणाल्या,
अगंबाई, ओल्या गवतावर कोणी लिंबू पिळलंय.
आणि दिवसभर तो हात धुतला नाही.

मला मात्र तिनं कागदी पेल्यात
नुसतं पाणी आणून दिलं, त्यांच्या विहिरीचं.
मऊ. जिभेवर मागे काहीच न ठेवणारं.
डोळे मिटले तर खडकवासला.
शपथेवर सांगणार नाही, पण खडकवासलाच,
फेब्रुवारीतला, गाळ तळाशी बसलेला.

खाली तळघर, सहा अंश.
गोसावींना मफलर, कानटोपी, वर बायकोची शाल.
लाकडी पिंपाच्या तोटीतून
न गाळलेली बिअर.
न गाळलेली!
माझ्या अख्ख्या नोकरीत या शब्दाला मेमो मिळायचा.
इथे त्यासाठी लोक रांगेत उभे होते
आणि रांगेत मीही होतो.

कडू. मग पावाच्या कडेसारखी थोडी गोडसर.
मग पुन्हा कडू, पण आता ओळखीची,
कारल्याची भाजी दुसऱ्या घासाला होते तशी.

संध्याकाळी प्राग. पुलावर पुतळे,
पुतळ्यांवर एकही कावळा नाही याचं गोसावींना फार नवल.
टूर मॅनेजर झेंडी उंच धरून ओरडत होता, पंधरा मिनिटं फक्त,
तेवढ्यात आम्ही दोघं निसटलो.
गल्लीतली बुटकी खोली. बाकावरची माणसं
न विचारता सरकली.
वेटर बोललाच नाही. ग्लास ठेवला,
चिठ्ठीवर पेन्सिलीनं रेघ मारली.
संपला, दुसरा आला, दुसरी रेघ.
नको असेल तर ग्लासावर चकती ठेवायची,
हे आम्हाला कोण सांगणार.
शेजारचा म्हातारा म्हणाला, ना ज्द्राव्ही,
आणि खुणेनं दाखवलं: डोळ्यांत बघा, ग्लासाकडे नको.

चाळीस वर्षांच्या संसारात
आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं
ते डोळ्यात काही गेलं तरच.
तिथे बघितलं.
शैलाच्या हातात लिंबू सरबत होतं,
असं ती म्हणते.

परवा मिहीरनं, भाच्यानं, मुंढव्याला नेलं.
काचेआड चकचकीत टाक्या, मेनूत 'झेक पद्धतीची'.
लाल्टू नावाच्या पोरानं लाकडी पाटावर
चार इवलेसे ग्लास मांडले, देव मांडावेत तसे.
मी विचारलं, पाणी कुठलं?
टँकरचं, सर.
मग जरा थांबून, पण फिल्टर करतात.

ठीक होती. वाईट म्हणणार नाही.
फेस तेवढा बोलणं सुरू व्हायच्या आधीच बसला.

ती चिठ्ठी मी जुन्या लॉगबुकात ठेवलीय.
तिच्यावर तीन रेघा आहेत.
दोन माझ्या, पक्कं आठवतंय.
नोंदीत तफावत असताना
मी आयुष्यात कधी सही केली नाही.

सकाळी शैला ओट्याशी पिण्याचं पाणी भरते.
विचारलं की म्हणते, वेटर चुकला असेल,
आणि बघते ती माझ्याकडे नाही,
ग्लासाकडे.