खाऱ्या वाऱ्याचा रकाना

वेंगुर्ल्यात रेल्वे आली नाही.
कुडाळला उतरायचं, मग एस्टी, मग पायी उतार.
म्हणून मी ती माळ्यावर आणली,
आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर.
रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर,
खिडकीत बंदर.

तीन इंजिनं इनास डिसोझाने आणली, बोटीवरून,
दर सुट्टीला एक, लोकरी मोज्यात गुंडाळून.

जर्मन : चौतीस हजार.
हातात घेतलं की सुरमईसारखं भरतं,
पितळी गिअर, आणि चाल अशी मुकी
की वाटावं वीज गेली.
जपानी : अकरा हजार. काचेवरचा वायपर
भिंगातून दिसतो, पण अंगात वजन नाही;
चढावर चाकं फिरतात जागच्या जागी,
ओल्या फळीवरचा नवखा खलाशी.
चिनी : अठ्ठावीसशे. रंगाचे ओघळ, आवाज
खोबरं किसल्यासारखा, डबे मात्र ओढतं नऊ.
चौथं पिंगुळीच्या पोराने घडवलेलं,
पैसे घेईना, पाच पायऱ्या आंबे घेतले.
आपल्या डिझेलचा निळा त्याला बरोब्बर साधला,
तोंड जरा वाकडं.

एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली मी.
मोटर कानाने ओळखतो.
मीठ लोखंडाला काय करतं
हे मला कुणी शिकवू नये.
म्हणून लाल वहीत किंमत, वजन, ओढ, आवाज,
आणि शेवटी तो रकाना
जो कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो :
खारा वारा.

मिरगाला माळा बंद. इंजिनं आपापल्या खोक्यांत.
नारळीपुनवेनंतर उघडून बघायचं,
असं चार पावसाळे.
चिनीचा गिअर तडकला बिस्किटासारखा.
जपानीच्या पत्र्या काळ्या, खोडरबर झिजलं.
पिंगुळीकराचा निळा सोलला कांद्यागत.
जर्मन जसंच्या तसं.
फक्त दुसऱ्या वर्षापासून वळणावर किंचित टकटक :
'घडणीतला दोष', मी लिहिलं,
आणि इनासला कळवलं :
चौतीस हजार म्हणजे स्वस्तच म्हणायचे, बाबा.

परवा हेमलता पिंपातले तांदूळ उन्हात घालत होती.
म्हणाली, सहज, सूप पाखडता पाखडता,
"यंदा तुमचा ता म्हाग इंजिन आठवण करून दिया हां.
मिरगाक मीच ठेवतंय पिंपात. पुनवेच्या आदी परत खोक्यात."
कधीपासून?
"चार वर्षां झाली."
आणि बाकीची?
"ती कित्याक? ती स्वस्तातली."

मी म्हटलं, तुला तर मी चौतीसशे सांगितले होते.
"इनासाच्या बायलेन सांगल्यान खरी किंमत,"
ती म्हणाली, आणि सुपातला खडा
लांब भिरकावला.

माळ्यावर जाऊन वही उघडली.
चार वर्षांवर रेघ मारायला पेन टेकवलं,
टेकलेलंच राहिलं, शाईचा ठिपका झाला.
मग जर्मन उलटं केलं, चार स्क्रू सोडले,
हळूच झटकलं.

तळहातावर पडला
उकड्या तांदळाचा एक दाणा,
एका बाजूने गिअरने
गुळगुळीत घासलेला.

यंदा चिनी जाईल पिंपात. न्याय म्हणजे न्याय.
जर्मन खिडकीत.
निदान
खिडकीजवळ.