आखाजीला उडी दुरुस्त केली

पारोळ्यात त्रेचाळीस अंश, कूलरमधला वाळा सुकलाय,
आणि माझा जपानी पोरगा
पुन्हा खंदकात पडतो.

पोरगा माझा नाही.
निळे केस, डोळ्याखालचा व्रण,
बापाची तलवार पाठीवर वागवायची तऱ्हा,
सगळं दुसऱ्या कुणाचं, समुद्रापलीकडचं.
मी फक्त अकरावीच्या सुट्टीत
एकशे बारा भाग पाहिले, खालची अक्षरं वाचत,
आणि शेवटच्या भागानंतर तीन दिवस
घरात कुणाशी नीट बोललो नाही.
ते उरलेलं कुठेतरी ठेवायला हवं होतं.
म्हणून हा गेम.

लोकेश म्हणतो, धुळ्याहून, फोनवर,
"विकता येणार नाही, नाव लावता येणार नाही,
कंपनीचं एक पत्र आलं की दोन वर्षं पाण्यात.
एवढ्या वेळात स्वतःचा हिरो काढला असता."
खरं आहे.
लोकेश नेहमी खरंच बोलतो,
म्हणून त्याला रात्री अकरानंतर मी फोन करत नाही.

चेरीचं झाड जमलं नाही मला.
तीनदा काढलं, तिन्हीदा बाभूळ झाली.
मग निंबच काढला, मोहोर आलेला,
मागे आपल्या किल्ल्याचा बुरूज,
आणि स्टँडवरच्या पाणपोईचा रांजण:
मेलास की तिथून पुन्हा सुरू.
निळ्या केसांचा पोरगा ओंजळीने पाणी पितो
तेव्हा वाटतं, हा थोडा इथला झाला.
मुजम्मिलने मोबाइलच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना
संगीत करून दिलं.
फुटक्या स्क्रीनवर नखाची टकटक, तेवढंच.
चांगलं आहे.

पण मजा नव्हती.
तलवारीतून ठिणग्या, राक्षसाला सात डोळे,
मालिकेतले संवाद जसेच्या तसे,
आणि खेळणारा माणूस पाचव्या मिनिटाला
फोनकडे हात नेणार.
हा माणूस म्हणजे मीच.

आखाजीला ज्योत्स्नाताई आली, दक्षला घेऊन.
अंगणातल्या निंबाला दोर बांधला,
ओट्यावर काकामंडळी पत्ते घेऊन बसली
(आज त्याला कुणी जुगार म्हणत नाही),
आणि ताईने सांजोरीचा हात पुसून
लॅपटॉप ओढला.
"हाऊ पोऱ्या कोन शे? याना केसस्ले काय व्हयनं?"
मी सांगायला लागलो, बाप, तलवार, शाप.
तिने ऐकलंच नाही.
वीस मिनिटं ती फक्त
रांजणावरून बुरुजावर, बुरुजावरून रांजणावर
उड्या मारत राहिली.
पडली की हसायची. "आजून एकदाव."
राक्षस पलीकडे सातही डोळे उघडून उभा.

मग लॅपटॉप परत देताना:
"वर गयावर जरासा थांबाले पाह्यजे ना रे.
लगेच पडस."

आणि झोक्यावर जाऊन बसली.

मी पाहत होतो. झोका वर जातो,
टोकाला दोर एक क्षण सैल पडतो,
ताई वरही जात नाही, खालीही येत नाही,
पाय निंबाच्या फांदीला लागता लागता राहतात.
तिकडे काकांचा हातातला पत्ताही
टाकण्याआधी तसाच, हवेत.
मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ घेतला, हळू करून मोजलं.
पाच फ्रेम.

रात्री त्या पाच फ्रेम उडीच्या टोकाला टाकल्या.
राक्षसाचे चार डोळे काढून टाकले, उगाच होते.
पोरगा वर जातो,
थांबतो,
आणि पडतो, पण आता माझ्या चुकीने पडतो,
म्हणून पुन्हा उठवावासा वाटतो.
दोन वाजले. कूलरमधलं पाणी संपलं होतं, मला कळलं नाही.

लोकेशचा प्रश्न आहे तिथेच आहे.
पत्र येईलही. आलं तर केस काळे करीन,
तलवार काढून दोर देईन हातात, नाव बदलीन.
त्या पाच फ्रेम मात्र कुठली कंपनी मागणार?
त्या ताईच्या, आणि ताई तर मंगळवारच्या बसने
शिरपूरला गेली.

बस सुटताना दक्षने खिडकीतून विचारलं,
"मामा, तो राक्षस मरतो का शेवटी?"
काय सांगू.
तिथवर अजून कुणी गेलंच नाही.