एकतीस डिसेंबरच्या आत

इडालिना फुर्तादो सॅन होजेच्या एका राउटर कंपनीत
फोन उचलायची. बाविसावी नोकर.
पगार बेताचा, पण रुजू झाली त्या दिवशी
हाती एक पत्र पडलं:
वीस सेंट भावाने नऊ हजार शेअर घेण्याचा हक्क.
शेअर नव्हे. हक्क.

पहिलं वर्ष सरेस्तोवर त्यातलं काहीच तिचं नाही,
मग एकदम पाव हिस्सा,
मग महिन्यामागून महिना
बाळाला दात यावेत तसं थोडं थोडं.

चार वर्षांत तोंड भरलं.
दोन हजार सालचा मार्च, भाव चौऱ्याऐंशी डॉलर.
तिने अठराशेचा चेक लिहिला, शेअर नावावर केले.
ऑगुस्तोने बेकरीतून गोड पाव आणला.
इतक्यात विकू नकोस, सगळे म्हणाले,
वर्षभर धर, कर कमी बसतो.
तिने धरले.

पुढच्या एप्रिलला ती माझ्या टेबलासमोर बसली तेव्हा
भाव एक डॉलर दहा.
मी तो दुसरा फॉर्म काढला, पर्यायी कराचा.
तो विकलंस का हे विचारत नाही,
विचारतो, घेतलंस त्या दिवशी भाव काय होता.
चौऱ्याऐंशी वजा वीस सेंट, गुणिले नऊ हजार.
मशीनची पट्टी वळत वळत टेबलाखाली गेली.

कर दोन लाख डॉलरच्या घरात.
शेअरांची किंमत नऊ हजार नऊशे.

पण मला मिळालं काय, मिस्टर हाकोप्यान?
काही नाही. विकले असते तर मिळालं असतं.
म्हणजे ‘असतं’वर कर?
हो. ‘असतं’वर.

डिसेंबर संपायच्या आत विकले असते
तर हा फॉर्म कोराच राहिला असता.
हे मी तिला सांगितलं नाही.
नोव्हेंबरात ती आली होती,
मुलाच्या कॉलेजचे कागद घेऊन, सोबत पावाचा अर्धा गड्डा.
मी पाव खाल्ला, कागदांवर सही कुठे ते दाखवलं,
आणि कंपनीचं कसं चाललंय
एवढंही विचारलं नाही.

आज म्हणालो, जादा भरलेला कर वाया जात नाही,
दरवर्षी थोडा थोडा वळता होतो.
किती वर्षं?
मी भागाकार केला.
मग पट्टी फाडली, घडी घातली,
आणि तिला पाणी हवंय का विचारलं.