उलटा लिलाव

साडेदहाला पोर्टल उघडतं.
निखत चष्मा पुसून बसते, मी तिच्या मागे उभा.
माझ्या हाताला कूलंट लागलेलं असतं,
म्हणून माउसला शिवायची मला बंदी आहे.

बुश. ओडी बावीस, बोअर सोळा, वर्षाला चार लाख नग.
सुरुवात एकोणीस रुपये साठ पैशांनी,
आणि जो कमी बोलेल त्याचं काम.
आम्ही 'बोलीदार दोन'.
बाकीचे एक, तीन, चार. चेहरे नाहीत, गाव नाही,
कोण कुणाचा मेहुणा, तेही नाही.
कंपनीला हेच हवं होतं.
खरं सांगतो, मलाही.
पर्चेसच्या साहेबाच्या केबिनबाहेर
काजूचा डबा मांडीवर घेऊन दोन-दोन तास बसलोय मी.
आता बिल कुठे अडलं ते मोबाइलवर दिसतं,
नापास नगाचा फोटो येतो, ओरखड्यासकट.
डब्याचे पैसे वाचले.

माझा बाप हेडी होता.
माळेगावच्या बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली करायचा.
दोन हात आत, दोन चेहरे बाहेर,
आणि तोंडाने भलत्याच गप्पा, कुणाच्या तरी सोयरिकीच्या.
म्हणायचा, भाव बोटात नसतो लेकरा,
समोरच्याच्या तळव्याला घाम कधी सुटतो, ते धरायचं.

अठरा नव्वद. अठरा पंच्याहत्तर.
'एक' गळाला. चाकणचा असेल, ट्रकभाडं परवडलं नसणार.
'तीन' एका दमात पन्नास पैसे खाली उडी मारतो.
कुणाचं तरी पोरगं, मशीन नवं, हप्ता अजून सुरू व्हायचाय.
निखत स्क्रीनवरची नजर न काढता म्हणते,
सर, सतरा नव्वदच्या खाली पदरचं जाईल.
तिच्या शीटमध्ये सगळं आहे,
बारचा भाव, इन्सर्टचं आयुष्य, वीज गेल्यावरचं डिझेल,
माझा चहासुद्धा.

मी म्हणालो, अठरा वीस टाक.
'तीन' परत आला नाही.

आणि 'चार'.
'चार' गप्प बसून राहतो.
घड्याळ वीस सेकंदांवर आलं की सात पैसे उतरतो.
अठरा तेरा.
वेळ दोन मिनिटांनी वाढते. आम्ही अठरा दहा.
पुन्हा गप्प. पुन्हा विसाव्या सेकंदाला अठरा तीन.
आम्ही अठरा. तो सतरा त्र्याण्णव.

सात.
मानेवर काटा आला.
अठ्ठ्याण्णव साली रात्रपाळीला
शेजारच्या लेथवर विश्वंभर खरात असायचा.
साइज उतरवताना आम्ही सगळे दहा मायक्रॉन द्यायचो, हा सात.
कामून रे, विचारलं तर म्हणायचा,
दहात हाव असते, पाचात भीती.

त्याचं शेड माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून.
कालच संध्याकाळी माझा सोळाचा प्लग गेज नेलाय त्याने.
कशाला, ते मी विचारलं नव्हतं.

सतरा नव्वद, म्हणालो. निखतने टाकले.
चाळीस. तीस. वीस.
एकोणीस.
सात पैसे आलेच नाहीत.
माझा आकडा कायम शून्यावर संपतो,
हे त्यालाही ठाऊक होतं तर.

हिरवी पट्टी आली, अभिनंदन, बोलीदार दोन.
चार लाख नगांवर कंपनीचे अकरा मिनिटांत
सहा लाख ऐंशी हजार वाचले,
ते कुणाच्या खिशातून गेले, तो रकाना पोर्टलवर नाही.

दुपारी रांजणगावच्या टपरीवर विश्वंभर आला,
गेज कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून.
लिलावाचं कुणी काढलं नाही.
त्याच्या पोरीच्या पॉलिटेक्निकच्या ॲडमिशनचं बोललो.
त्याने गेज पुढे केला, मी वेस्टखाली त्याचा हात धरला
आणि दोन बोटं दाबली.
अटींचं सोळावं कलम: काम बाहेर देण्यास सक्त मनाई.

त्याने चहाचा घोट घेतला.
एक बोट सोडवून घेतलं, एक राहू दिलं.
मग म्हणाला,
तुझा गेज दोन मायक्रॉन झिजलाय. बदलून टाक.