भोपाळहून उत्तर येईपर्यंत

चिंचेखाली पहिल्या दिवशी चार होते.
दुसऱ्या दिवशी अकरा.
तिसऱ्या दिवशी मोजणं सोडून
मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरला,
हातमोज्यांवर हातमोजे चढवले
आणि एकेकाला मानेखाली हात देऊन उचललं,
कारण मान राहत नव्हती.

खोक्यावर लिहिलं: कावळा, नग सहा,
मौजे टाकळी, मांजरेचा काठ.
खाली सही, पशुधन पर्यवेक्षक.
गाडीवाल्या पोराने विचारलं, आत काय?
म्हणाले, सरकारी काम.

गावाने आपापली कारणं काढली.
सोयाबीनवरचं औषध. मोबाइलचा टॉवर.
वरच्या आळीने खालच्या आळीकडे बोट दाखवलं.
मी धरणाकडे बघत होते.
फुगवट्याच्या पाण्यावर, गाळपेऱ्याच्या कडेला
चकवे उतरले होते दरसालसारखे,
बर्फाचे डोंगर ओलांडून आलेले,
कोणाच्याच सातबाऱ्यावर नाव नसलेले.
त्यांच्यातलाच एखादा घेऊन आला
की आपल्याच कोंबड्यांच्या टेम्पोच्या चाकाला लागून आलं,
मला ठाऊक नव्हतं.
पाहुण्यावर आळ घेणं सोपं असतं.

त्याच आठवड्यात तुळशीराम पांचाळांचा दहावा.
नदीवर पिंड मांडला. भात, वडा, दही,
बाजूला तंबाखूची चिमूट, त्यांना लागायची म्हणून.
सगळे मागे सरले.
आभाळ मोकळं होतं,
इतकं, की डोळ्यांना खुपावं.

अर्धा तास गेला.
थोरला पुढे होऊन म्हणाला,
ऐरण धाकट्याला देतो.
कावळा नाही.
धाकटा म्हणाला,
आईला लातूरला नेतो, डोळा करून आणतो.
नाही.
मग थोरली सून, चार माणसांत कधी न बोललेली,
पदर सावरत म्हणाली,
शेवटच्या रात्री त्यांनी चहा मागितला होता.
मी झोपेचं सोंग घेतलं.

कोणी काही बोललं नाही.
पाणीसुद्धा.

मी बाभळीखाली उभी.
अहवालाआधी तोंड उघडायचं नाही, असं परिपत्रक.
कसं सांगू, बाई,
ते रागावलेले नाहीत.
तो येणारच नाही.
तो भोपाळला आहे, काचेच्या नळीत, नंबर लावून.
शेवटी दर्भाचा कावळा केला
आणि पिंडाला शिववला.

मंगळवारी उत्तर आलं.
नकाशावर कंपासचं टोक चिंचेवर टेकवून
मी एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं.
आत शाळा, मशीद, म्हसोबा,
हमीदाबीच्या कोंबड्या.
रेघ तिच्या कुंपणावरून गेली.
पलीकडच्या शेजारणीच्या वाचल्या.
दोघींच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरत.

हमीदाबीने एकेक पुढे धरली.
ही तुर्रेवाली. ही लंगडी.
ही माझ्या पोरीच्या बाळंतपणाची.
“मॅडम, इनकू बुखार नहीं है, हात लगाके देखो.”
मी हात लावला.
पिसांखाली ऊब होती.
कोंबडी तशीही माणसापेक्षा गरमच असते,
हे शिकवलं होतं आम्हाला.

बावीस लिहिल्या.
बोरीखालच्या खड्ड्यात चुना पडला.
नुकसानभरपाईच्या कागदावर तिचा अंगठा घेताना
घरातल्या कणगीतून आवाज आला,
नुकतंच अंडं घातलेल्या कोंबडीचा,
जगातल्या कोणालाच लपवता न येणारा.

हमीदाबी माझ्याकडे बघत होती.
माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती,
पांढऱ्या पोशाखात मी कोणासारखीच दिसत नव्हते.
अंगठा अजून निळा होता.
मी तेवीस केलं.
आणि खाली: अंडी, नग एक.

ती माझ्याशी अजून बोलत नाही.
बोलू नये.

चैत्रात एक कावळा आला.
कुठून, कोण जाणे.
चिंचेच्या वाळक्या फांदीवर बसून
मान वाकडी करून गाव बघत राहिला.
आधी दिसला तो पांचाळांच्या सुनेला.
ती घरात गेली,
आणि बशीत चहा ओतून
ओट्यावर ठेवून आली.