दुसरा प्रश्न

फोन उचलला की पहिला प्रश्न, इन्शुरन्स कोणतं.
मुलाचं नाव दुसरा.
हा क्रम मी लावलेला नाही. पिओरियातल्या
या कान-नाक-घशाच्या क्लिनिकात मी लागले तेव्हा
काउंटरच्या आतल्या अंगाला तो चिकटवलेलाच होता,
टेपच्या कडा पिवळ्या पडलेल्या.

ट्रॅक्टरच्या कारखान्याचा विमा असेल
तर येत्या गुरुवारी, दहा वीस.
सरकारी मेडिकल कार्ड असेल
तर महिन्याला दोनच मुलं,
आणि ती दोन तीन तारखेलाच भरतात.
बाकीचा महिनाभर मी म्हणते,
सध्या आम्ही नवीन पेशंट घेत नाही.
हे खोटं नाही. अर्धं वाक्य आहे, एवढंच.

डॉक्टर वाईट नाहीत. त्यांनी एकदा
हिशेब मांडून दाखवला मला: सरकार किती देतं,
किती महिन्यांनी देतं, जागेचं भाडं, नर्स, तुझा पगार.
तुझा पगार म्हणताना ते खिडकीकडे बघत होते.

मार्चमधली दुपार. लॅट्रीस नावाची बाई,
रात्रपाळीहून आलेला आवाज.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं हळू दिलं.
आमच्या गावात आडनाव विचारलं की
काही माणसं पायाच्या अंगठ्याकडे बघून बोलायची,
तसं.

मी माझं अर्धं वाक्य म्हटलं.
ती म्हणाली, थांबा. ठेवू नका.
खुर्ची सरकली. पावलं. दार.
हीटरची गुरगुर
आणि घोरणं.
चार वर्षांच्या छातीत न मावणारं,
कुणा म्हाताऱ्याचं चुकून इकडे आलेलं.
मग ते थांबलं.

समोर एकजण फॉर्म भरत होता, पेन चालेना,
कागदाच्या कोपऱ्यात तो गोल गोल गिरवत बसला.
चार. पाच.
दुसरी लाइन लुकलुकायला लागली.
नऊ.
अकरा,
आणि कोरडी हापशी एकदम पाणी धरते
तसा श्वास.

लॅट्रीस परत आली. किती मोजले?
अकरा, मी म्हटलं.
रात्री अठरापर्यंत जातं.
मी कामावर असले की मोठी मोजते.
तिसरीत आहे.

शिकागोत ऑक्टोबरमध्ये बघू म्हणालेत,
ती सांगत होती, गाडीनं तीन तास.
आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं,
रागाला काय म्हणायचं
तेही काउंटरच्या आत चिकटवलेलं आहे.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही पहाटेच नंबर लावायचो,
पाच रुपयांचा केसपेपर, घामट बाक,
पण रांगेला टोक होतं. त्या टोकाला
वैतागलेला का होईना, एक डॉक्टर बसलेला असायचा.
इथली रांग दिसतच नाही.
जो तो आपल्या स्वयंपाकघरात उभा,
फोन कानाला, पुढे कोण, मागे कोण, पत्ता नाही.
गरज सरो, वैद्य मरो म्हणतात.
इथे वैद्य ठणठणीत आहे,
आणि गरज तर त्याहून.

सोळा एप्रिलला एक वेळ रद्द झाली होती, सव्वाआठची.
ती मी तिला दिली.
विम्याचा रकाना मोकळा ठेवला.
तो आज ना उद्या कुणीतरी भरेल,
मग मला आत बोलावतील, दार लावून घ्या म्हणतील.
तेव्हाचं तेव्हा.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
मीच परत लावला.
दुसरा प्रश्न राहिला होता.
कॉर्बिन, ती म्हणाली,
आणि मी न विचारता स्पेलिंग सांगितलं,
एकेक अक्षर, दोनदा.

चार वाजेपर्यंत आणखी सहा फोन आले तसल्या कार्डाचे.
सहा वेळा मी अर्धं वाक्य म्हटलं,
स्पष्ट, गोड, शिकवलं तसं.
त्या सहांची नावं
मला माहीत नाहीत.