ब्रेकला कानडीत ब्रेकच म्हणतात

आठ महिने झाले, वडगावच्या आमच्या बोळात
मारुती उभी आहे, भिंतीकडं तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरासारखी.
तिसरा गियर आपला आपण सुटतो,
मागच्या सीटखाली पाणी साठतं, कुठून ते कळत नाही,
आणि ब्रेक
तीनदा दाबला तर एकदा लागतो,
तोही डावीकडं ओढत.
शेजारचे माग सुरू झाले की तिची काच थरथरते.
शालन आतून ओरडते,
"गाडी चालूच ठेवून आलासा काय?"

भंगारवाला दस्तगीर अठरा हजार म्हणतो.
बैलहोंगलकडचा एकजण फोनवर पस्तीस म्हणाला,
न बघताच.
मधले सतरा हजार
मी रात्री मोजतो: फ्रिज, की दाढेचं काम,
की दोन्ही थोडं थोडं.

तसं मला भंगाराचं भय नाही.
उद्यमबागेत सव्वीस वर्षं भट्टीसमोर काढली.
रिक्षा, नांगर, बोअरचे पंप,
त्यांचे तुकडे याच हातांनी आत टाकले.
वितळल्यावर के ए आणि एम एच
सारखेच लाल दिसतात.

पण हिच्यातून रेश्माला आणलं होतं चंदगडहून,
सातवा महिना, पोट सीटबेल्टात मावेना.
शिनोळीच्या अलीकडं गाडी बंद पडली,
उसाच्या ट्रॅक्टरनं दोर बांधून
आम्हाला कर्नाटकात ओढून आणलं,
आणि ती मागं बसून शेंगा फोडत हसत होती.
एवढंच.
यापेक्षा मोठं काही हिच्यात घडलं नाही.

रविवारी तो आला. ईरण्णा कमतगी.
बरोबर आई, हातात रिपोर्टांची पिशवी.
आठवड्यातून दोनदा धारवाडला न्यायचं, डायलिसिसला,
बसमध्ये तिला उलट्या होतात.
त्यानं बॉनेट उघडलं नाही,
टायरला लाथ मारली नाही,
फक्त विचारलं,
"ब्रेक हेंग ऐत्री?"

उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं, मराठीत:
तसे ठीकच आहेत, जरा पॅड बदलून घ्या,
जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार चालायचंच.
अंग काढून घ्यायला
किती शब्द आहेत आपल्याकडं!
तसे. जरा. थोडंफार. म्हटल्यावर.

माझी कानडी फाउंड्रीतली.
तिच्यात उचल, सरक, गरम आहे,
पगार कधी, जेवलास का,
आणि कुणी गेलं तर
दारात उभं राहून म्हणायचं एक वाक्य.
खोटं बोलण्याइतकी मी ती शिकलोच नाही.

"इल्ल री," म्हणालो.
"एन इल्ल?"
"ब्रेक इल्ल."

आधी म्हातारी हसली. मग तो.
मग आतून कपबशी आपटल्याचा आवाज आला,
पण चहा आला.
म्हातारी तोवर मागचं दार उघडून
गाडीत जाऊन बसली होती.
चहा तिनं तिथंच घेतला, बशीत ओतून,
काच खाली करून, रस्त्याकडं बघत,
गाडी कुठंतरी चालली असावी तशी.
बस साडेअकराची होती.

दस्तगीर मंगळवारी येतोय.
चासी नंबरचा तुकडा कापून आरटीओत द्यायचा,
म्हणजे नाव कमी होतं, म्हणाला,
तुमच्याकडं काही राहत नाही.
म्हणून आज हेस्कॉमचं बिल पालथं घातलं नंबरावर
आणि पेन्सिल आडवी घासत गेलो.
एकेक आकडा कागदावर उठला,
शेवटचा सात सोडून. तिथं गंज आहे.

कागद शालनला दाखवला.
तिनं तो उलटा करून वाचला
आणि म्हणाली, उद्या शेवटची तारीख.